ओढतो भरपूर, उचलतो बेताचं: फोर्ड एफ-२५० डिझेल, ट्रेलरसह नऊ महिने

गाडी अशी: फोर्ड एफ-२५०, क्रू कॅब, पावणेसात फुटी हौदा, फोर बाय फोर, ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन, १० गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.५५, मागे एकेरी चाकं. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोत मिळून १४ हजार मैल झाले. त्यातले ४,६०० मैल मागे २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर होता. ट्रेलरचं पासिंग (ओझ्यासकट मंजूर कमाल वजन) ८,८०० पाउंड, म्हणजे साधारण चार टन.

पासिंग हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे टेम्पो घेताना पहिला प्रश्न असतो, 'पासिंग किती?' अमेरिकेत मात्र पिकअप घेणारा विचारतो, 'ओढतो किती?' आणि तिथेच फसतो. या गाडीचं जाहिरातपत्रक बॉल हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) १५ हजार पाउंडांच्या घरात किंवा त्याहून वरचे आकडे दाखवतं. इंजिन ते वजन खरंच ओढतं. पण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याचा एक हिस्सा गाडीच्या पाठीवर बसतो. ती पाठ किती सोसते हे पत्रकात ठळक छापलेलं नसतं. ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या छोट्या पट्टीवर लिहिलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. या गाडीच्या पट्टीवर आकडा आहे २,३१२ पाउंड, म्हणजे १,०४९ किलो. नऊ महिने काय जमेल आणि काय नाही, ते याच आकड्याने ठरवलं.

एवढी दणकट गाडी आणि आकडा इतका कमी का? एफ-२५० च्या बहुतेक गाड्यांचं एकूण पासिंग १०,००० पाउंडांवर बांधलेलं असतं. रॅम २५०० चंही तेच. १०,००० ही अमेरिकेतल्या वाहनवर्गांची सीमा आहे. ती ओलांडली की व्यावसायिक वापराचे नियम आणि काही राज्यांत नोंदणीचा खर्च बदलतो, म्हणून कंपन्या आकडा तिथेच थांबवतात. मग १०,००० मधून गाडीचं स्वतःचं वजन वजा करायचं आणि उरेल ते आपलं. डिझेल इंजिन जड, त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ५०० ते ७०० पाउंड इथेच जातात. फोर बाय फोरचे आणखी तीनेकशे. क्रू कॅब, काचेचं छत, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या, तापणाऱ्या सीटा, हे सगळं याच खात्यातून वजा होतं. सगळ्यात महाग मॉडेल सगळ्यात कमी उचलतं, ते याचमुळे. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन एफ-२५० च्या पट्ट्यांवर हजार पाउंडांचा फरक सहज दिसतो.

वजनकाट्यावरचे आकडे देतो, नाहीतर ही सगळी चर्चा हवेत राहते. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. त्याला लागोपाठ लांब प्लेटा असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर घ्यायची, की पावतीवर तिन्ही वजनं वेगवेगळी छापून येतात. काटा तीनदा करायचा: ट्रेलर सोडून, ट्रेलर लावून पण वजन वाटणारे बार (बॉलवरचं ओझं पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलणाऱ्या हिचच्या दांड्या) न चढवता, आणि बार चढवून. तिन्ही वेळा टाकी पूर्ण आणि माणसं गाडीतच बसलेली हवीत.

ट्रेलर सोडून: पुढे ५,०४०, मागे ३,५८०, एकूण ८,६२०. यात चार माणसांचे ५६० पाउंड आणि हौद्याचं झाकण, हिच, अवजारं, कूलर, बॅगा यांचे मिळून ३७२. म्हणजे ट्रेलर जोडण्याआधीच २,३१२ पैकी ९३२ संपले.

ट्रेलर जोडून, बारशिवाय: पुढे ४,६८०, मागे ४,९६०, ट्रेलरची चाकं ६,८८०. गाडी ८,६२० वरून ९,६४० झाली, म्हणजे बॉलवर १,०२० पाउंड आले. भरलेला ट्रेलर ७,९०० चा, त्याचे हे जवळपास १३ टक्के. बॉल हिचला १० ते १५ टक्के हवेतच, म्हणजे इथपर्यंत ठीक. पण पुढच्या चाकांवरचे ३६० पाउंड उचलले गेले, ते पाहा. बॉल मागच्या एक्सलच्याही मागे साडेचार फूट लांब असतो, त्यामुळे तिथे दाब पडला की गाडी तराजूसारखी मागे झुकते नि पुढची बाजू हलकी होते. स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं, ब्रेक मारल्यावर पुढची चाकं हवी तेवढी पकड घेत नाहीत आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

बार चढवून: पुढे ४,८६०, मागे ४,६४०, ट्रेलर ७,०२०. पुढचे गेलेले ३६० पैकी १८० परत आले आणि १४० पाउंड ट्रेलरच्या चाकांवर सरकले. गाडी ९,५०० वर आली. पासिंगला ५०० शिल्लक.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवा. ओढण्याची क्षमता निम्मीच वापरली गेलीय आणि उचलण्याची पाऊणहून जास्त. शिल्लक ५०० मध्ये पाण्याच्या दोन टाक्या, जनरेटर आणि जळाऊ लाकडं आली की खेळ खलास. हौद्यात अजून रिकामी जागा दिसते म्हणून भरत जाऊ नये.

बार किती ताणायचे याचा गोंधळ बराच आहे. सपाट जागेवर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजायची: मोकळी, जोडून, आणि बार चढवून. जोडल्यावर ही गाडी पुढून एक इंच वर उठते, बारांनी अर्धा इंच खाली आणायची. पूर्ण इंच खाली ओढण्याचा मोह आवरावा. मॅन्युअलमध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच. त्याहून ताणलं की मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर वळणात मागची बाजू सुटू शकते. पहिले तीनशे मैल झाल्यावर हिचच्या डोक्याचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. रंगाचा थर दबून ते हमखास सैल होतात. हिचच्या नळीत थोडी मोकळीक असतेच, त्यामुळे खडखड वाजतं. यू-बोल्टचा साधा चिमटा लावला की बंद होतं.

एअरबॅग (मागच्या एक्सलवर आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावल्या की वजन जास्त नेता येतं, हा समज मुळापासून चुकीचा आहे. एअरबॅग मागची बाजू वर उचलतात, गाडी सरळ दिसते, पण पट्टीवरचा आकडा तोच राहतो. एक्सल, रिम, टायर आणि ब्रेक तेच आहेत ना! उलट बार न ताणता नुसत्या एअरबॅग फुगवल्या की मागे लेव्हल दिसते नि पुढची चाकं हलकीच राहतात. दिसायला छान, चालवायला धोक्याचं.

फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यातल्या हिचवर पिनने जोडला जाणारा ट्रेलर, घ्यायचा विचार असेल तर इथे थांबा. त्याची पिन मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसते, त्यामुळे पुढची चाकं हलकी होत नाहीत, डोलणंही खूप कमी. चालवायला बॉल हिचपेक्षा नक्कीच सुखाचं. पण पिनवर १० ते १५ नव्हे, २० ते २५ टक्के वजन येतं. याच गाडीचा हिशेब: माणसं ५६०, बॉल हिच काढून बाकी सामान २७७, फिफ्थ व्हीलची हिच १७०. उरले १,३०५ पाउंड. पिनवर २२ टक्के धरले तर ट्रेलर जेमतेम ५,९०० चा घेता येईल. बाजारातले बहुतेक कुटुंबाच्या मापाचे फिफ्थ व्हील भरल्यावर १०,००० च्या पुढे जातात. १२,००० च्या ट्रेलरची एकटी पिनच २,६४० भरते, म्हणजे ड्रायव्हर बसायच्या आधीच गाडी ओव्हरलोड. एका विक्रेत्याने याच गाडीसाठी असा ट्रेलर 'आरामात ओढेल' म्हणून सुचवला होता. ओढेल हे खरंच, पण मागचे पाटे, टायर आणि रिम यांच्यावर काय बसेल ते त्याने मोजलं नव्हतं. शिवाय छोट्या हौद्याला सरकणारी हिच लागते, नाहीतर बोळात मागे घेताना काटकोनात वळवलं की ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसतो.

असा ट्रेलर हवा असेल तर एक टनी घ्यावी, म्हणजे एफ-३५०, रॅम ३५०० किंवा सिल्व्हराडो ३५०० एचडी. (हे अर्धा टन, पाऊण टन, एक टन जुन्या काळचे शब्द आहेत, आजच्या क्षमतेशी त्यांचा मेळ नाही.) एकेरी चाकांची एफ-३५० म्हणजे बहुतांशी हीच गाडी, मागे जास्त ताठ पाटे आणि वर मोठं पासिंग. किमतीतला फरक तसा किरकोळ असतो, उचलण्यातला नसतो. रॅममध्ये आणखी एक भेद आहे: २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग, ३५०० ला पाटे. रिकामी चालवताना कॉइलवाली मऊ लागते, ओझ्याखाली पाटे बरे. एक लक्षात ठेवा, पासिंग १०,००० च्या वर गेलं की दारावर 'माणसं आणि सामान' वाली पट्टी लावणं बंधनकारक नाही. तिथे गाडीचा काटा करून पासिंगमधून वजन वजा करणं हाच खात्रीचा मार्ग.

मागे दुहेरी चाकं घेतली की उचलणं आणि स्थैर्य दोन्ही वाढतं, आडव्या वाऱ्यात फार फरक पडतो. बदल्यात रुंदी आठ फुटांच्या आसपास, सहा टायरांचा खर्च, आतल्या चाकात हवा भरताना हात सोलवटणं, आणि रिकामी गाडी ओल्या गवतावर अडकणं. रोज ऑफिसला नेणाऱ्याने घेऊ नये.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे पश्चिमेकडून चढताना ७ टक्क्यांचा घाट लागतो, बोगदा ११ हजार फुटांवर. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, तिथे पोचेपर्यंत ३० टक्के गेलेली असते. टर्बो डिझेलला ते फारसं जाणवत नाही. पण खरं समाधान उतारावर. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवून तोच घाट उतरलं की ब्रेक पेडलला पाय क्वचितच लागतो. वर्षाला दोनच ट्रिपा असतील आणि त्याही सपाट भागात, तर मात्र ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४.३० च्या एक्सलसोबत घ्या. किंमत कमी, डीईएफ (धूर साफ करायला भरावं लागणारं द्रव) नाही, डीपीएफच्या (काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) साफसफाईची भानगड नाही आणि पाठीवर सहाएकशे पाउंड जास्त.

मायलेज: रिकामी हायवेवर १८ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटर. ट्रेलर लावून ६३ मैलांच्या वेगाने १०. टाकी ३४ गॅलनची, पण ट्रेलरसकट वळवता येईल असा पंप शोधायचा असल्याने २५० मैलांवर भरायला थांबणं शहाणपणाचं.

ट्रेलरच्या ब्रेकची तीव्रता दर ट्रिपला नव्याने लावावी लागते. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते २५ मैल वेग धरा नि डॅशवरची ट्रेलर-ब्रेकची पकड हाताने पूर्ण दाबा. ट्रेलर गाडीला मागे खेचतोय असं स्पष्ट जाणवलं पाहिजे, पण चाकं जाम होता कामा नयेत. जाम झाली तर तीव्रतेचा आकडा ०.५ ने कमी करा. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीच्या हुकात अडकवू नका. हिच निखळली तर ती स्वतंत्रपणे ओढली गेली पाहिजे. सात पिनी प्लगमध्ये पावसाळी हवेने हिरवा थर चढतो आणि डॅशवर 'ट्रेलर जोडलेला नाही' असा संदेश येऊ लागतो. पिना घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की नऊ महिन्यांत पुन्हा त्रास झाला नाही.

ट्रेलर डोलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि फक्त ट्रेलरचा हाताचा ब्रेक दाबा. गाडीचा ब्रेक मारला की डोलणं वाढतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, सामान ट्रेलरच्या मागच्या अर्ध्यात भरलेलं. साठ टक्के ओझं एक्सलच्या पुढे ठेवा.

परवान्याचं राज्यागणिक वेगळं आहे. टेक्सासमध्ये १०,००० च्या वरचा ट्रेलर आणि दोन्हीचं मिळून पासिंग २६,००० च्या वर गेलं की घरगुती वापरालाही क्लास ए लागतो. कॅलिफोर्नियात तर १०,००० च्या वरचा ट्रॅव्हल ट्रेलर किंवा १५,००० च्या वरचा फिफ्थ व्हील पुरेसा आहे.

आणि ट्रेलरचे टायर. बरेचसे ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. बाजूला छापलेल्या चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे बनल्याचं वर्ष. नक्षी नवी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षं झाली की बदलायचे, कारण ते झिजून जात नाहीत, आतून सुटून फुटतात. हवा थंड असताना, बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, लोड रेंज (टायरवर छापलेली भारश्रेणी) ई असेल तर ८० पीएसआय. चाकाचे नट चाक बसवल्यावर पहिल्या ५० मैलांनी पुन्हा आवळा, आणि प्रत्येक थांब्याला हबला हाताची मागची बाजू लावून पाहा. चारपैकी एकच जास्त तापला असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, पुढे न जाता तिथेच उघडा.