काठी बरी, पट्ट्याने घात केला

गुलमर्गला भाड्याने घेतलेल्या स्की-पोल्सबद्दल, म्हणजे स्कीइंग करताना दोन्ही हातांत धरायच्या काठ्यांबद्दल लिहितेय. दुकानाचं नाव नको. तिथल्या पोराने माप मात्र नीट घेतलं: काठी उलटी धरायची, टोकाजवळच्या चकतीखाली मूठ, कोपर काटकोनात. मी पाच फूट दोन इंच, मला ११० सेंमीची बसली.

घोळ झाला मनगटाच्या पट्ट्यांचा. बकल इतकं गंजलेलं की हातमोजे घालून सुटेचना. आणि डोंगरावरच्या कोंगडोरीहून आणखी वर मेरी शोल्डरला जाणाऱ्या चेअरलिफ्टवर पट्टा मनगटात ठेवून बसायचं नसतं. काठी कुठे अडकली तर हातही ओढला जातो. दोन्ही काठ्या एका हातात, टोकं पुढे, मोकळ्या हाताने खुर्ची धरायची. मी झटापट करतेय तोवर खुर्ची गुडघ्यांमागे आदळली न् एक काठी खाली बर्फात! लिफ्टवाल्या भाऊंनी लिफ्ट थांबवून उचलून दिली, कपाळाला आठीसुद्धा नाही.

उतरताना स्कीची टोकं वर ठेव, नाहीतर रुततात, असं नवऱ्याला तीनदा बजावलं. रुतवलीच त्याने.

संध्याकाळी दुकानदाराला बकल दाखवलं. पट्टे कापून द्यायला लगेच चाकू काढला गड्याने, भाड्यात मात्र एक रुपया कमी नाही. पाचपैकी दोन.