सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला, त्यात ४२९४९६७२९७ टाकून बघितलं

भाच्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून जळगावच्या फुले मार्केटमधून हा घेतला, बाराशेच्या आसपास पडला. बटणं मऊ, सोलर पण आहे, दुकानवाल्या भाऊंनी सील फोडून चालू करून दाखवला. ते सगळं ठीक. मला लिहायचंय ते फॅक्ट बटणाबद्दल, आकडा टाकून इज इक्वल टू करायचं, मग शिफ्ट आणि फॅक्ट दाबलं की मूळ अवयव समोर येतात, हे मला फार आवडलं.

घरी आल्या आल्या ४२९४९६७२९७ टाकला. दोनचा ३२वा घात अधिक एक, बरोबर दहा अंकी, स्क्रीनवर काठोकाठ बसतो. फर्मा नावाच्या जुन्या गणितज्ञाला वाटायचं ही मूळ संख्या आहे, ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो. इथे एका सेकंदात आलं, ६४१ × (६७००४१७). भाचा लगेच, मामा, दुसऱ्याला कंस का?

तर भो, हे नीट समजून घ्या, कारण पोरं इथंच मार्क घालवतील. हा कॅल्क्युलेटर तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतो, आणि उरलेला आकडा १०१८०८१ (म्हणजे १००९ चा वर्ग) किंवा त्याहून मोठा असला की कंसात टाकून मोकळा होतो. १०२२११७ टाका, तोही कंसातच येईल, पण तो १००९ × १०१३ आहे! म्हणजे कंसातला आकडा मूळ असेलही, नसेलही. सोबतच्या कागदावर हे बारीक इंग्रजीत आहे, मराठीत एक ओळ नाही, याचा मला खरंच राग आला.

मग ६७००४१७ चं काय? ऑयलरचाच नियम आहे, ४२९४९६७२९७ च्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणून अशी बाकी देणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या, आधी १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग पाचवा ६४१, इतकं जवळ आहे ते. ६७००४१७ मूळ नसेल तर त्याचा एक तरी मूळ अवयव वर्गमूळाच्या आत सापडायला हवा, आणि वर्गमूळ २५८८ च्या पुढे जरासं. तीन अंकी मशीनने बघून झालेत, राहिले फक्त ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३.

लाइट गेली होती, भाच्याने मोबाइलच्या टॉर्चवर पाचही भागाकार केले आणि वहीत लिहिले. शेवटचा २११३ चा, ३१७१.०४ आणि पुढे आकडे. भाग नाही गेला. मग त्याने पेन घेतला आणि वहीतला कंस स्वतः खोडला.

साडेचार स्टार, अर्धा त्या कागदासाठी कापला.