शाल अंगठीतून गेली, पैसे खिशातून गेले

शाल अंगठीतून सर्रकन निघाली म्हणजे ती पश्मिना, ही समजूत विकणाऱ्यांनीच रुजवली आहे. पणजी, मडगाव, म्हापशात भाड्याच्या हॉलमध्ये आठ-दहा दिवस चालणारी प्रदर्शने असोत, डिसेंबरातल्या फेस्ताच्या फेऱ्या (चर्चच्या सणाला भरणारे बाजार) असोत की किनाऱ्याकडची दुकाने, प्रामाणिक विक्रेते सगळीकडे आहेत. पण लबाडी जिथे होते तिथे तिची रीत एकच असते.

फोंड्याच्या एका कुटुंबाचा व्यवहार इथे मांडतो आहोत, कारण त्यात जवळपास सगळ्या युक्त्या एकाच टेबलावर वापरल्या गेल्या. शिमला-मनालीला जायचे म्हणून त्यांनी दोन ‘पश्मिना’ शाली आणि तीन ‘प्युअर वूल’ स्वेटर घेतले. घासाघीस करून सगळे १६,५०० रुपयांना. हातात पडली ती वर ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी. मनालीत थोडा चढ चढला की स्वेटर आतून ओलसर, थांबले की अंग गार. घरी परतल्यावर एक स्वेटर धुऊन त्यावर वाफेची इस्त्री फिरवली, तर तो चपटा, चकचकीत झाला आणि खालची कड लोंबू लागली. चिठ्ठीवरचा फोन लागत नव्हता आणि हॉलमध्ये तोवर फर्निचरचे प्रदर्शन लागले होते.

हा धंदा गोव्यात चालण्याचे एक साधे कारण आहे. इथे उबेची परीक्षाच होत नाही. डिसेंबर-जानेवारीत किनारपट्टीवर पहाटेचा पारा वीस अंशांच्या आसपास असतो, सत्तरी-सांग्याकडे थोडा खाली. एसी हॉलमध्ये पाच मिनिटे खांद्यावर टाकलेली कोणतीही शाल उबदारच वाटते. माल खोटा निघतो तो दोन हजार किलोमीटर दूर, आणि तोवर विकणारा दुसऱ्या शहरात दुकान मांडून बसलेला असतो.

आता त्या टेबलावरचे खेळ एकेक करून पाहू.

अंगठीचा खेळ मुळात शाहतूशचा. चिरू या तिबेटी हरणाच्या त्या लोकरीची शाल अंगठीतून जाते म्हणून तिला ‘रिंग शाल’ म्हणत. (आजही कोणी आवाज खाली आणून ‘शाहतूश आहे’ म्हणाले, तर तिथून निघा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे.) अंगठीतून जायला कापड फक्त पातळ आणि गुळगुळीत लागते. लाकडाच्या लगद्यापासून बनणारे व्हिस्कोस आणि मोडाल, तसेच रेशीम, सगळे सहज जाते. उलट घट्ट विणीची अस्सल पश्मिना अडकू शकते.

काडी ओढून धागा जाळण्याचा खेळ जास्त फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. लोकर हळू जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटते, काळा धूर सोडते, वितळते आणि थंड झाल्यावर मागे काळा टणक मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखे जळते. इथवर सगळे बरोबर. मेख अशी की हा वास मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीलाही येतो, त्यामुळे पश्मिना यातून सिद्ध होतच नाही. दुसरी मेख झालरीत. शालीची झालर म्हणजे उभे धागे, ताणा. ताणा लोकरीचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, व्हिस्कोसचा ठेवला की झालरीचा धागा प्रत्येक वेळी ‘पास’ होतो. स्वेटरच्या बाबतीत तर विक्रेता जळणारा धागा स्वतःच्या पाकिटातून काढतो, ‘जादा धागा सोबत देतो’ म्हणत. त्या फोंड्याच्या टेबलावर हेच झाले. धागा जाळायचाच असेल, तर शालीच्या मधल्या भागातला आडवा धागा किंवा स्वेटरच्या आतल्या शिवणीतून सुटलेले विणीचे टोक मागा. लगेच ‘माल खराब होईल’ सुरू होते.

‘असली मालाला करंट येत नाही’ म्हणून शाल हातावर घासून दाखवतात. कोरड्या हवेत लोकरीवरही स्थिर वीज तयार होते. गोव्याच्या दमट हवेत अ‍ॅक्रिलिकवरही ती फारशी टिकत नाही. म्हणजे ही परीक्षा इथे सगळेच पास होतात.

आणि मऊपणा? तो बहुतेक वेळा वरून चढवलेला असतो. सिलिकॉनचे सॉफ्टनर आणि ब्रशने उचललेली लव यामुळे स्वस्तातले अ‍ॅक्रिलिकही लोण्यासारखे लागते. काही धुण्यांत ते निघून जाते, मग लवेचे गोळे होतात. गोळे लोकरीवरही येतात, पण लोकरीचा तंतू कमकुवत असल्याने ते कालांतराने गळून पडतात. अ‍ॅक्रिलिकचा तंतू चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो. काख आणि कोपराजवळ पहिल्याच मोसमात घट्ट बसलेले गोळे दिसले, तर काय समजायचे ते समजा.

लेबल वाचताना शब्द नीट पाहा. ‘कॅशमिलॉन’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक धागा. कॅशमीअर या बकरीच्या मऊ लोकरीशी त्याचे नाते फक्त उच्चारापुरते. ‘सेमी पश्मिना’ या नावाखाली मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीपासून व्हिस्कोसपर्यंत काहीही येते. ‘वूल ब्लेंड’ लिहिले आणि टक्केवारी नसेल, तर लोकर नावापुरती धरा. ‘वूल टच’, ‘वूल फील’ यांत लोकर असण्याची गरजच नाही. ‘१०० टक्के लोकर’ किंवा ‘७० टक्के लोकर, ३० टक्के अ‍ॅक्रिलिक’ असे सरळ आकडे हवेत, आणि ते आतल्या शिवणीत शिवलेल्या पट्टीवर हवेत. दोऱ्याने लटकवलेले कार्ड कोणत्याही मालाला लावता येते.

खऱ्या पश्मिनाचा हिशेब एकदा मांडला की स्वस्ताईचे गूढ राहत नाही. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या एका बकरीपासून वर्षाला साधारण ८० ते १७० ग्रॅम मऊ लोकर मिळते, आणि जाड केस वेगळे केल्यावर त्यातली आणखी घटते. एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची लोकर लागते. त्यावर हातसूत आणि हातमागाची मजुरी. ‘काश्मीर पश्मिना’ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हाताने कातलेला, हातमागावर विणलेला आणि १६ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड नसलेला तंतू, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच श्रीनगरमधल्या तपासणीनंतर ते लेबल लागते, त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो. असा माल ‘दोन घ्या, एक फुकट’मध्ये येत नाही. भरतकाम हाताचे म्हणून जादा पैसे मागितले, तर शाल उलटी करा. मशीनच्या भरतकामाला मागे वेगळा, बहुधा पांढरा दोरा दिसतो आणि टाके एकसारखे असतात. हाताच्या कामात पुढचाच रंगीत दोरा मागे जातो आणि गाठी, उड्या थोड्या वेड्यावाकड्या असतात.

स्वेटरही उलटा करूनच घ्यावा. बाही जिथे अंगाला जुळते तिथे पाहा. आकार विणतानाच दिलेला असेल, तर काखेपासून वर टाके कमी केल्याच्या बारीक तिरप्या खुणा ओळीने दिसतात आणि जोड सपाट असतो. थानातून कापून शिवलेल्या स्वेटरला तिथे ओव्हरलॉकची जाड कड असते. कापून शिवणे हा काही गुन्हा नाही, पण ‘हँडमेड’ म्हणून चार हजार मागताना ती कड दिसली, तर तेवढ्यावरच भाव उतरवता येतो. मनगटाची आणि कमरेची पट्टी ताणून सोडा. ती परत मिटली नाही, तर पहिल्या धुण्यानंतर लोंबणार. फोंड्याच्या स्वेटरची कड अशीच गेली, वाफेने फक्त घाई केली.

हेही सांगायला हवे की अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. कदंब महामंडळाच्या पहाटेच्या बसला किंवा एसी ऑफिसात पाच-सातशे रुपयांचा लुधियानाचा स्वेटर उत्तम काम देतो, त्याला कसर लागत नाही, धुवायला सोपा. पण तो घाम शोषत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरूनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून हिमाचलात फरक जाणवतो. तिकडे जाणाऱ्याने एका जाड स्वेटरवर भिस्त ठेवू नये. आत अंगाबरोबरचे थर्मल, त्यावर पातळ मेरिनो, वर वारा अडवणारे जाकीट, असे तीन थर घ्यावेत. कोणताही विणलेला स्वेटर, खरा असो वा खोटा, एकटा वारा अडवत नाही.

घरी आणल्यावर त्याच दिवशी खात्री करता येते. आतल्या शिवणीतून दोन इंच धागा काढा. काचेच्या वाटीत पांढऱ्या कपड्यांसाठीचे क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घ्या आणि धागा त्यात बुडवा. खिडकी उघडी ठेवा आणि त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. लोकर बुडबुडे सोडत विरघळते, साधारण अर्ध्या तासात, ब्लीच जुने असेल तर जास्त वेळ लागतो. अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर, सुती, व्हिस्कोस तसेच राहते. अर्धा धागा उरला, तर मिश्रण आहे. रेशीमही विरघळते, आणि मेंढी की पश्मिना हे यातून कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो, जो वस्त्र समितीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असतो.

तक्रार केली की विकणाऱ्याचे पहिले उत्तर ठरलेले: ‘तुम्ही चुकीचा धुतला.’ म्हणून खात्री होईपर्यंत धुऊच नका. नंतर धुताना लोकर थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात, लोकरीसाठीच्या सौम्य द्रव साबणात, न चोळता. साध्या पावडरीतली एन्झाइम लोकरीचे प्रथिन खातात, आणि गरम पाणी व घुसळण मिळाली की तंतूंचे खवले एकमेकांत अडकून स्वेटर नमद्यासारखा आटतो. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगलेला स्वेटर खांद्यात कान काढतो. पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. डांबरगोळ्या कापडात बांधून, कपड्याला न चिकटतील अशा. कसरीची शंका आली, तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये.

पैसे देताना दोन गोष्टी बघा. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव स्टॉलच्या फलकावरच्या नावाशी जुळते का, आणि बिलावर १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे का. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचा ३०. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे तपासता येतो. बिलात ‘शाल १ नग’ नको, ‘पश्मिना शाल, १०० टक्के’ असे लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला, तर पैसेही देऊ नका.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे, आणि सदोष माल बिलातल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभाव लागला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. विक्रेता परराज्यात गेला असला, तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. सोबत चिठ्ठीचा आणि स्टॉलच्या फलकाचा फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, प्रदर्शनाची जाहिरात, हॉल कोणाच्या नावाने घेतला होता त्याची हॉलच्या कार्यालयातून मिळालेली माहिती द्या. दोष डोळ्यांनी ठरत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तेव्हा एक तरी नग न धुता, लेबल न काढता, पिशवीत बंद करून ठेवा.