नवीन किट म्हणून भंगारातला कॉलम : माझ्या पद्मिनीच्या पॉवर स्टीअरिंगची गोष्ट

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ची आहे. नागपूरच्या रेशीमबागेच्या मैदानावर ह्यांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी गाडी मी विकली नाही, आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढतेच. मागच्या वर्षी मात्र हाताचा संधिवात वाढला. रस्त्यावर गाडी पळत असते तेव्हा काही त्रास नाही, पण महालातल्या गल्लीत वळवायची किंवा उभ्या जागेवरून पार्किंगमधून काढायची म्हटली की मनगटातून अशी कळ जायची की डोळ्यांत पाणी यायचं.

जुन्या गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसवून देतो असं सांगणारं एक वर्कशॉप मला ओळखीतून कळलं. मालक तिशीतला, बोलायला गोड. "काकू, तुम्ही फक्त गाडी ठेवून जा जी, बाकी माझ्यावर सोडा." तिथे एक जुनी फियाट उभी होती. तिचं स्टीअरिंग त्याने मला एका बोटाने फिरवायला लावलं. लोण्यासारखं फिरलं, आणि माझा निर्णय तिथेच झाला. त्या गाडीचं काम त्याने केलेलंच नव्हतं, ती दुसऱ्याच कामासाठी त्याच्याकडे आली होती, हे मला चार महिन्यांनी कळलं. तुम्हाला कोणी अशी गाडी दाखवली तर तिच्या मालकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किट नवीन आहे, एआरएआयने (वाहनं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) पास केलेलं आहे, आरटीओची कटकट नाही, वर्षाची वॉरंटी, एकूण अठ्ठावन्न हजार. चाळीस हजार ॲडव्हान्स मी जागेवर दिले. पैसे यूपीआयने गेले ते भलत्याच नावाच्या खात्यात. विचारलं तर म्हणाला, "भावाचं आहे." पावती म्हणून 'एस्टिमेट' लिहिलेला साधा कागद हातात दिला, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना किटचा सिरियल नंबर. एआरएआयचं म्हणून एक लॅमिनेट केलेलं पत्र दाखवलं. त्यावर कोणत्या भागाचं नाव आहे ते मी वाचलं नाही. चौतीस वर्षं शाळेत मुलांना 'सही करण्याआधी वाचा' सांगितलं, आणि स्वतः वाचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. स्टीअरिंग खरंच हलकं झालं होतं. डॅशबोर्डखाली एक गोल नॉब होता, त्यावर 'सिटी' आणि 'हायवे' लिहिलेलं. शहरात डावीकडे, हायवेला उजवीकडे, असं त्याने समजावलं.

पहिल्या आठवड्यातच तिसऱ्यातून चौथा गिअर अडकायला लागला. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यालाच असतो, त्यामुळे त्या जागेत मोटर घुसवली की गिअरच्या रॉडला वाट करून द्यावी लागते. ह्याने रॉड तापवून वाकवला होता. फोन केला तर, "नवीन काम आहे काकू, चालवून चालवून मोकळं होईल." मग मे महिन्यात बॅटरी दोनदा बसली. तिसरी तक्रार वर्धा रोडवरची. साठच्या वेगाला स्टीअरिंग इतकं हलकं लागायचं की शिंक आली तरी गाडी लेन सोडेल अशी भीती वाटायची. नॉब 'हायवे'वर केला तरी फरक शून्य. ह्या तक्रारीवर तो म्हणाला, "तुम्हाला सवय नाही म्हणून."

रामटेकच्या गडावरून उतरताना मला पहिल्यांदा जाणवलं की स्टीअरिंग सरळ धरलंय आणि गाडी किंचित डावीकडे चाललीये. शेजारी बहीण बसली होती, तिला काही बोलले नाही. पहिल्या गिअरवर, जवळजवळ चालण्याच्या वेगाने खाली आणली आणि गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकपुढे उभी केली. त्यांनी आडवं होऊन टॉर्च मारला आणि मला म्हणाले, "बाई, खाली वाकता येते का? तुम्ही स्वतः पाहा."

स्टीअरिंगचा शाफ्ट, म्हणजे दांडा, मधोमध कापून दुसऱ्या गाडीच्या तुकड्याला वेल्डिंग केलं होतं. वेल्डिंगच्या डागावरून चांदीचा स्प्रे मारला होता. त्या स्प्रेमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसत होती. त्यांनी मला स्टीअरिंग थोडं डावीकडे करायला सांगितलं आणि ती रेघ उघडली, सोडलं की मिटली. माझ्या आणि पुढच्या चाकांच्या मध्ये तेवढाच एक डाग होता. तो गडावर तुटला असता तर, हा विचार अजून रात्री येतो.

गाडी टोइंगने नागपूरला आणली. पुढे ज्या मेकॅनिककडे उघडली त्यांनी सगळं समोर मांडून दाखवलं. मोटरवरचं चकचकीत स्टिकर खरवडलं तर खाली पिवळ्या पेंटने लिहिलेला भंगारवाल्याचा नंबर होता. म्हणजे एका अपघातात गेलेल्या छोट्या हॅचबॅकचा कॉलम, म्हणजे मोटरसकट स्टीअरिंगचा दांडा, काढून मला 'नवीन किट' म्हणून लावला होता. बाजारात असा कॉलम सहा-सात हजारांत मिळतो म्हणे. आणि तो नॉब! त्याच्या मागून दोन वायरी निघत होत्या, काळ्या टेपमध्ये गुंडाळून तिथेच संपत होत्या. कशालाही जोडलेल्या नव्हत्या.

जुना कॉलम वापरून हे काम नीट होऊ शकतं, जगभर लोक करतात, हे मी नंतर शिकले. त्यात एक सेन्सर असतो. तुम्ही स्टीअरिंगला किती जोर लावता ते तो आतल्या पिळल्या जाणाऱ्या दांडीवरून ओळखतो, आणि त्याप्रमाणे मोटर मदत करते. किती मदत करायची हे ईसीयू, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, गाडीच्या वेगावरून ठरवतो : पार्किंगला जास्त, वेगात कमी. जुन्या फियाटमध्ये वेगाचा तसा सिग्नलच नाही. त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागतो, नाहीतर मोटर सगळ्या वेगांना सारखाच जोर लावते. वर्धा रोडवर मला तेच जाणवत होतं. शाफ्ट जोडायचा तो स्प्लाइन, म्हणजे दाते, पाडून, कपलिंग आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा) बोल्टने कसून. मोटरचा ब्रॅकेट बॉडीला भक्कम बांधावा लागतो, नाहीतर मोटर चाकांऐवजी स्वतःलाच फिरवायला बघते. बॅटरीपासून जाड वायर वेगळी ओढून तिला स्वतंत्र फ्यूज हवा.

आमच्या गाडीला बॅटरी चार्ज करायला अजून जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही, आणि ही मोटर सगळ्यात जास्त करंट, सहज तीस-चाळीस अँपिअर, नेमकी तेव्हाच खाते. आधी अल्टरनेटर, म्हणजे मंद इंजिनालाही चार्ज देणारा नव्या पद्धतीचा जनरेटर, बसवायला हवा होता. गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर, हा प्रश्न त्या वर्कशॉपवाल्याने मला एकदाही विचारला नाही. जो हा प्रश्न विचारत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ही जबाबदारी मालकाची. 'आरटीओची कटकट नाही' म्हणणारा तिथे आपल्यासोबत उभा राहणार नाही. आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. माझा मूळ शाफ्ट परत मागितला तर वर्कशॉपवाला म्हणाला, भंगारात गेला. २०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होतील. २०२१च्या नियमांप्रमाणे मूळ रूपातली जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि माझ्या मनात ते होतं. शेवटी मुंबईहून पद्मिनीचाच जुना कॉलम मागवून बसवला. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन बदलले, ग्रीस भरलं, स्टीअरिंग बॉक्समध्ये तेल जवळजवळ नव्हतंच ते भरलं, टायरमधली हवा बरोबर केली. एवढ्यानेच स्टीअरिंग निम्मं हलकं झालं. कोणी हे आधी पाहिलं असतं तर कदाचित मला मोटर लागलीच नसती.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आणि दुसऱ्या मेकॅनिकचा फोटोंसह लेखी अहवाल जोडला. तो कापलेला शाफ्ट आणि नॉब पिशवीत घालून कपाटात ठेवलेत, सुनावणीला नेण्यासाठी.

नागपुरात कोणाच्या जुन्या गाडीत 'सिटी-हायवे' लिहिलेला असा नॉब बसवलेला असेल, तर उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. वायरी कुठे जातात ते बघा, आणि शाफ्टवर चांदीचा स्प्रे दिसला तर तो खरवडून बघा.