कॉमिकच्या ‘लॉन्च पॅकेज’ला पैसे देण्याआधी हे वाचा

पदरचे पैसे घालून कॉमिक काढायला निघालेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, कारण आम्हाला लुबाडणारा माणूस अजून नवी गिऱ्हाइकं शोधत फिरतोय.

आमचं कॉमिक म्हणजे पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या चार मित्रमैत्रिणींची गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबमध्ये स्फोट होतो आणि चौघांना शक्ती मिळतात. त्यातली सायली ज्या यंत्राला हात लावेल त्याचं बोलणं तिला ऐकू येतं. कथा माझी, चित्रं माझ्या मैत्रिणीची. नोकरी सांभाळून, रात्री जागून तिने ४८ पानं काढली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या पानांची जी माती केली त्याचा संताप जास्त आहे.

‘प्रकाशन सल्लागार’ म्हणवणाऱ्या या गृहस्थाने ८५ हजारांत सगळं देऊ केलं: ऑफसेटवर (प्लेटा बनवून शाईने होणारी छपाई) १००० प्रती, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि मुंबईच्या कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळ्यात विक्रीचं टेबल. निम्मे पैसे आधी घेतले. उरलेले ‘उद्या प्लेटा काढायच्या आहेत’ म्हणत घाईघाईने उकळले.

आले फक्त दोन खोके, जेमतेम दीडशे प्रती. पहिलीच प्रत उघडली, तर मधल्या घडीवर काळा रंग तडकून पांढरा कागद डोकावत होता. ऑफसेटची शाई कागदात मुरते. डिजिटल मशीनचा टोनर, म्हणजे रंगाची पूड, कागदावर नुसता चिकटून बसतो आणि गडद चित्र घडीवर आलं की असा सोलून निघतो. म्हणजे प्लेटा कधी निघाल्याच नव्हत्या! बाकीच्या प्रती म्हणे वितरकाच्या गोडाऊनमध्ये. कोणता वितरक, ते आजतागायत सांगितलेलं नाही. कॉमिक कॉनच्या आयोजकांकडे चौकशी केली, तर आमच्या नावावर टेबलच नव्हतं.

आयएसबीएनचे त्याने ९ हजार लावले होते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, तोही फुकट, आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. आम्हाला मिळालेला क्रमांक तर बनावट निघाला. तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, तिला १० ने पूर्ण भाग जायला हवा. आमची बेरीज ११७.

खरा डाव पैसे परत मागितल्यावर कळला. पात्रं, त्यांची नावं, पोशाख, सगळ्याचे हक्क कायमचे त्याचे, असं एक कलम त्याने करारात दाखवलं. आम्ही सही केलेल्या करारात ते नव्हतंच. सह्या फक्त शेवटच्या पानावर होत्या, त्यामुळे मधलं पान बदलणं त्याला सोपं गेलं. मैत्रिणीने सहीच्या वेळी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून सायली आमची राहिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. म्हणूनच अशा माणसांचा डोळा तुमच्या सहीवर असतो. सही प्रत्येक पानावर करा, हक्क किती काळासाठी देताय ती मुदत लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. छापखान्याचं नाव विचारा आणि छपाईच्या दिवशी तिथे स्वतः जाऊन उभे राहा.

पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तो आता दुसऱ्या नावाने धंदा करतोय आणि आमचंच मुखपृष्ठ ‘आमचं काम’ म्हणून दाखवतोय: धुरात उभी, एप्रन घातलेली चार मुलं. ते चित्र कुणी तुमच्यापुढे ठेवलं, तर एक पैसाही देऊ नका.