कस्टम रिपोर्टसाठी कुठला डेटाबेस? आठ महिन्यांच्या वापरानंतर

पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलवर (नेटवर्कमधली ये-जा तपासणारं आणि अडवणारं उपकरण) मी गेले आठ महिने रोज काम करतोय. पीसीएनएसई या कंपनीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या (ती २०२५ मध्ये बंद झाली) तयारीत कस्टम रिपोर्टच्या, म्हणजे आपण स्वतः कॉलम निवडून बनवलेल्या रिपोर्टच्या, डेटाबेसवरचे प्रश्न आले तेव्हा नुसती यादी पाठ केली होती. समरी आणि डिटेल्ड या दोन गटांतल्या डेटाबेसमधला फरक मात्र हाताखालून रिपोर्ट गेल्यावरच कळला.

सुरुवातीला वाटायचं, जितका तपशील जास्त तितका रिपोर्ट चांगला. म्हणून ३० दिवसांचा पहिलाच रिपोर्ट ‘डिटेल्ड लॉग्ज’मधल्या (लॉग म्हणजे फायरवॉलने केलेली घडामोडींची नोंद) ट्रॅफिकवर लावला आणि बराच वेळ ताटकळत बसलो. चूक माझीच होती. यादीत त्या गटापुढे ‘स्लोअर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि अगदी गरज असेल तरच तो वापरा, असं कंपनीचं मॅन्युअलही सांगतं. तिथे प्रत्येक लॉगची नोंद सगळ्या कॉलमांसकट वाचली जाते.

समरी डेटाबेसचं तसं नाही. फायरवॉल दर १५ मिनिटांनी तपशीलवार लॉग गोळा करतो, सारखी सेशन्स (दोन यंत्रांमधल्या एकेक जोडण्या) एकत्र करून त्यांचा रिपीट काउंटर वाढवतो आणि काही कॉलम गाळून टाकतो. तोच ३० दिवसांचा रिपोर्ट ट्रॅफिक समरीवर लावला, तर चटकन हातात आला. आकडेही मला हवे तेच होते.

समरीत मुख्य पाच पर्याय आहेत: ॲप्लिकेशन स्टॅटिस्टिक्स, ट्रॅफिक, थ्रेट, यूआरएल आणि टनेल. हे पाच पक्के करा. वाइल्डफायर सबमिशन्स (तपासणीसाठी पाठवलेल्या संशयित फाइल्स), डेटा फिल्टरिंग (संवेदनशील माहिती बाहेर जाण्यावरची नजर) किंवा हिप मॅचवर (जोडलेल्या यंत्रांच्या सुरक्षा-स्थितीची तपासणी) रिपोर्ट हवा असेल तर डिटेल्डशिवाय मार्ग नाही.

खरी गोची गाळलेल्या कॉलमांची. आमच्या साहेबांनी विचारलं, ‘सगळ्यात जास्त बँडविड्थ कोण खातंय?’ मी ॲप्लिकेशन स्टॅटिस्टिक्स उघडलं. ॲपचं नाव, बाइट्स, सेशन्स, धोक्याची पातळी, सगळं होतं. पण सोर्स यूझरचा कॉलमच नाही! तो डेटाबेस ‘काय चाललंय’ ते सांगतो, ‘कोण करतंय’ ते सांगत नाही. ट्रॅफिक समरीत यूझर मिळाला, सोर्स आयपी मिळाला, कोणत्या रूलमधून ट्रॅफिक गेला तेही मिळालं. सोर्स पोर्ट मात्र तिथेही नाही, त्यासाठी डिटेल्डच. तेव्हापासून मी आधी कागदावर कॉलम लिहितो आणि मग डेटाबेस निवडतो, कारण डेटाबेस बदलला की कॉलमांची यादीही बदलते.

आणखी एक. दहा मिनिटांपूर्वीच्या घटनेचा माग समरीत काढू नका, कारण १५ मिनिटांची गोळाबेरीज अजून व्हायची असते. अशा वेळी मी रिपोर्ट करतच नाही. सरळ ट्रॅफिक लॉगवर फिल्टर लावतो.

शेड्यूल केलेले रिपोर्ट मुळात रात्री २ वाजता चालतात आणि ही वेळ बदलता येते. ‘शेड्यूल्ड’ची खूण करायला विसरलात तर सकाळी काहीच तयार नसतं, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

आता दर सोमवारी ट्रॅफिक समरीवर गेल्या ७ दिवसांचा रिपोर्ट जातो: बाइट्सनुसार पहिले २५, कॉलमांत सोर्स यूझर आणि ॲप्लिकेशन. डिटेल्डवर माझा एकच रिपोर्ट उरलाय, वाइल्डफायरचा, आणि तोही फक्त मागच्या एका दिवसाचा.