गोठवलेले मायसिस की घरी उबवलेला आर्टेमिया?

जळगावच्या एका परिचितांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीत मँडरिन मासा आणला असून, त्याला गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जलजीव) द्यावे की आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीवाची अंडी घरीच उबवावीत, असा पेच त्यांना पडला आहे.

मेहनतीत मायसिस सोपे. तुकडा टाकीच्याच पाण्यात वितळवावा आणि ते पाणी गाळून फेकावे, कारण त्यातील फॉस्फेटने शेवाळ माजते. आर्टेमियाला खारे पाणी, हवेचा पंप आणि सुमारे २८ अंश तापमान लागते. पिल्ले साधारण २४ तासांत निघतात, पण रिकामी टरफले वेगळी करण्याचे किचकट काम रोजचेच. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा उबवणीचे भांडे घरातील सर्वांत थंड खोलीतच हवे.

टिकाऊपणात उलट चित्र दिसते. वीज तासन्‌तास गेली की फ्रीझरमधले मायसिस वितळते आणि ते पुन्हा गोठवणे योग्य नव्हे. कोरडी अंडी मात्र हवाबंद डब्यात दीर्घकाळ टिकतात.

पोषणाचा मुद्दा निर्णायक आहे. आर्टेमियाच्या पिल्लांतील पिवळा बलक काही तासांतच ओसरत असल्याने ती ताजीच द्यावी लागतात. मायसिस अधिक पौष्टिक. परंतु मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव टिपत फिरतो आणि न हलणाऱ्या अन्नाकडे अनेकदा ढुंकूनही पाहत नाही.

क्लाउनफिश पाळणाऱ्याने किंवा नोकरीमुळे वेळ नसणाऱ्याने मायसिस घ्यावे. मँडरिनसाठी आधी आर्टेमिया, त्यात हळूहळू मायसिस. मात्र टाकीतील खडकांवर कोपेपॉड नसतील, तर यांपैकी कशावरही त्याचे भागणे कठीणच.